दगड कोणी घडवला? अर्धवट राहिलेलं काम बघ

प्रश्न नाशिकरोडच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा आहे. मित्रांबरोबर तो पांडवलेणी बघून आला, सुट्टीत वेरूळला जाऊन आला आणि मग रात्र रात्र मोबाईलवर चित्रफिती बघत बसला. त्याने विचारलंय, "काका, छिन्नी-हातोड्याने एवढं सरळ काम होतं का? कैलास लेण्यातून निघालेला दगड गेला कुठे? इजिप्त, पेरू, लेबनॉन इथले शेकडो टनांचे दगड कोणी हलवले? बारा हजार वर्षांपूर्वी एखादी प्रगत संस्कृती होती आणि ती बुडाली, असं का नसेल? आणि पुरातत्त्ववाले हे लपवतात का?"

मी गेली एकतीस वर्षं जुन्या दगडी बांधकामांची दुरुस्ती करतो. देवळं, वाडे, घाट, बारवा. त्याआधी वडिलांच्या हाताखाली पंचवटीत जाती आणि पाटे-वरवंटे घडवले. त्यामुळे मी जे सांगणार ते मुख्यतः दगडाच्या बाजूने.

प्रश्न विचारलास ते चांगलं केलंस. तुझ्या आधीही लोकांना तो पडलाच होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी डोंगराच्या नावातच देऊन ठेवलंय. आपल्या डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, लेण्यांतल्या लेखांत ते 'तिरण्हु' असं येतं. पुढे कोरणारे विसरले गेले, ब्राह्मी अक्षर वाचणारं कोणी उरलं नाही, आणि एवढं मोठं काम साध्या माणसाचं कसं असेल म्हणून ते पांडवांच्या नावावर गेलं. महाराष्ट्रात अशी देवळं गावोगाव आहेत : पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला. हेमाडपंताचंही तेच. तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री हेमाद्री, पण चुन्याशिवाय रचलेलं प्रत्येक देऊळ त्याच्या खात्यावर. सिन्नरचं गोंदेश्वर त्याच्या कारकिर्दीच्या आधीचं, तरी लोक हेमाडपंतीच म्हणतात.

चित्रफितींतली 'हरवलेली प्रगत संस्कृती' ही त्याच जातीची गोष्ट आहे. मला मात्र कोंबड्याची गोष्ट जास्त खरी वाटते. काम अर्धवट राहिलंय हे तिने झाकलं नाही. चित्रफीत नेमकं तेच कधी दाखवत नाही. ती तुला पुरं झालेलं, गुळगुळीत काम दाखवते, आणि पुऱ्या झालेल्या कामात हात दिसत नाही. हात बघायचा तर अर्धवट राहिलेलं, फसलेलं, टाकून दिलेलं काम बघावं लागतं. पुढचं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आधी छिन्नीचं बोलू. आपला दगड बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून थिजलेला लाव्हा. लांबून सगळा काळाच दिसतो, पण पाथरवटाला तो एक दगड नाही. काही थर घट्ट, बारीक पोताचे, हातोडा मारला तर घंटेसारखे वाजणारे. काही थर बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले, त्या पोकळ्यांत पांढऱ्या गारगोट्या. दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीचा पट्टा. लेणं कुठल्या थरात घ्यायचं, छत कुठल्या थराखाली ठेवायचं हे ठरवण्यातच निम्मी अक्कल आहे, आणि ती अक्कल डोंगरावर पावसाळे काढून येते.

छिन्नी दगड कापत नाही, हे आधी मनात पक्कं कर. टोकदार छिन्नी तिरपी धरून हातोडा मारला की टोकाखालचा दगड चुरडतो आणि पुढून कपची उडते. कपचीमागे कपची. म्हणून 'एवढा कडक दगड लोखंडाने कापला कसा' हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. बसाल्ट दाबाला फार मजबूत आहे, पण कडेला, मोकळ्या बाजूकडे ठोका बसला तर तो उडतो. अख्ख्या पाथरवटकीचा अर्थ एवढाच की दगडाला सतत एक मोकळी कड करून द्यायची आणि त्या कडेकडे ठोकत राहायचं. आधी चर पाडायचा, मग चरांमधला उंचवटा पहारीने किंवा पाचरीने फोडायचा, मग छिन्नीने मठारायचं, मग बारीक छिन्नीने सफाई, आणि हवीच असेल तर शेवटी वाळू-पाण्याने घासाई.

रेषा सरळ येते ती सुतामुळे. गेरूत भिजवलेलं सूत ताणायचं, मध्ये चिमटीत उचलून सोडायचं, दगडावर तांबडी रेघ उमटते. उभ्याला ओळंबा, कोनाला गुण्या, आडव्याला पाणसळ. ही चार साधनं आणि सवयीचा डोळा असला तर पंधरा-वीस फुटांत एका सुताचाही, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचाही, फरक राहत नाही. मी स्वतः तेवढ्या फरकात काम केलेलं आहे, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगले हात मी पाहिलेत.

कोणत्याही चित्रफितीत मला लोहार दिसलेला नाही, आणि तोच या सगळ्याचा कणा आहे. काळ्या दगडावर छिन्नीचं टोक टिकत नाही. सकाळी डझनभर छिन्न्या घेऊन बसलेला माणूस दुपारपर्यंत सगळ्या बोथट करून टाकतो. म्हणून कामावर भाता आणि ऐरण आलीच. टोक लाल करून ठोकायचं, पाण्यात बुडवायचं, लगेच बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. मागची उष्णता टोकाकडे येते तशी पोलादावर पिवळट झाक चढते, मग तांबूस, मग निळी. काळ्या दगडासाठी पिवळ्यावर पुन्हा बुडवायचं. आधी घाई केली तर टोक काचेसारखं फुटतं, निळं होऊ दिलं तर मऊ पडतं. याला आम्ही पाणी देणं म्हणतो. पहिल्या वर्षी मी पाणी दिलेल्या छिन्न्या फुटायच्या. एक तुकडा भुवईत घुसला, खूण अजून आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असं आपण म्हणतो. पण एका देवासाठी टाकीला किती वेळा भट्टीत जावं लागलं, याचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

लोखंड होतं का त्या काळी? होतं. नागपूरजवळ नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. विदर्भातल्या जुनापाणी, माहूरझरी या भागांतली महापाषाणयुगीन शिळावर्तुळं ही दफनं आहेत, आणि तिथल्या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याचं साहित्य मिळालंय. म्हणजे आपली लेणी सुरू होण्याच्या काही शतकं आधीच महाराष्ट्रात छिन्नी रुळलेली होती.

आता अर्धवट कामाकडे ये. पांडवलेण्यात विसाव्या क्रमांकाच्या लेण्यात एक लेख आहे. यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाच्या सातव्या वर्षीचा, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडचा. त्यात सांगितलंय की हे लेणं बोपकि नावाच्या यतीने सुरू केलं, ते पुष्कळ वर्षं अपुरं पडून राहिलं, आणि मग महासेनापती भवगोपाची बायको वासु हिने ते पुरं करवलं. मी पहिल्यांदा या लेखाचा अर्थ ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता. कारण हा प्रकार मला पाठ आहे. देणगी संपते, माणसं दुसऱ्या कामावर जातात, परांची तशीच उभी राहते, आणि काही वर्षांनी कोणीतरी आईच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाने पैसे देतं. डोंगर लोण्यासारखा कापणारं यंत्र असतं तर बोपकिचं काम पुष्कळ वर्षं कशाला पडून राहिलं असतं?

बाकीचे लेखही बघ. एकोणिसाव्या लेण्यात सातवाहन कुळातला कण्ह राजा आणि नाशिकचा महामात्र, म्हणजे मोठा अधिकारी. अठराव्यात, म्हणजे चैत्यगृहात, धंभिक गावाचं दान. एका गावाने वर्गणी काढली, बघ. दहाव्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात. त्याने लेणं तर दिलंच, शिवाय तिथल्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायमचे ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दर महिना शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. त्याच लेण्यातल्या नंतरच्या एका लेखात कुंभारांच्या, तेल्यांच्या आणि पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली आहे, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. हे गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचं आपलं गोवर्धनच. ज्या संस्कृतीला 'हरवलेली' म्हणतात तिच्या ठेवींचा व्याजदर भिंतीवर कोरलेला आहे. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी उलगडली, भगवानलाल इंद्रजींनी नाशिकच्या लेखांवर जीव ओतून काम केलं, म्हणून हे आपल्याला कळलं. कारागिरांची नावं तेवढी तिथे नाहीत. देणाऱ्याचं नाव कोरणारा हात स्वतःचं नाव कोरत नव्हता. मला त्याचीच सगळ्यात जास्त हळहळ वाटते.

अजिंठ्याला गेलास तर २४ क्रमांकाचं लेणं चुकवू नकोस. गाईड बहुतेक तिथे थांबत नाहीत, कारण चित्रं नाहीत. ते पुरं झालं असतं तर तिथल्या सगळ्यांत मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. तिथे कोरण्याची रीत उघडी पडलेली आहे : आधी डोंगरात लांब लांब गल्ल्या खोदत नेल्या, मग दोन गल्ल्यांमधल्या भिंती फोडल्या. मघाशी सांगितलेला चर आणि उंचवटा, तोच इथे पुरुषभर उंचीचा. आणि बिहारमधली बराबरची लेणी, आरशासारख्या भिंतींची, ज्यांच्यावर 'हे हाताने अशक्य' म्हणून सर्वांत जास्त चित्रफिती निघतात. त्यातल्या सुदामा लेण्यात अशोकाचा त्याच्या बाराव्या राज्यवर्षातला लेख आहे. शेजारचं लोमश ऋषी लेणं अर्धवट आहे. त्याच्या दालनाच्या भिंती घासून चकचकीत, आणि आतली खोली नुसती ओबडधोबड खणलेली. आधी खणणं, मग मठारणं, मग घासणं, हा क्रम एकाच लेण्यात समोर उभा राहतो. एका झटक्यात वितळवून केलेल्या कामाला असे टप्पे पडत नाहीत.

'दगड मऊ करून ओतला' असंही सांगतात. त्याचं उत्तर दगडानेच दिलंय. आपल्या लेण्यांत लाव्ह्याचे थर एका खांबातून दुसऱ्या खांबात, तिथून भिंतीत सलग जाताना दिसतात. बुडबुड्यांच्या पोकळ्या आणि गारगोट्या कोरीव पृष्ठभागावर मधोमध छाटलेल्या असतात, अर्धी गारगोटी भिंतीत, अर्धी कपचीबरोबर गेलेली. ओतलेल्या खांबात हे होणार नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आपल्या भागातले हे स्फटिक मांडून ठेवलेत. ते बघून मग लेण्यात गेलास तर डोळा लगेच पकडेल.

कैलासचा हिशोब मी तुला सविस्तर करून देतो, कारण 'चार लाख टन दगड, अठरा वर्षं, अशक्य' हे वाक्य सगळेच फेकतात आणि भागाकार कोणी करत नाही.

खड्डा साधारण ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद, मागचा कडा सुमारे ३३ मीटर. पुढे उंची कमी आहे आणि मधलं देऊळ तर जागेवरच राहिलंय. सांगितला जाणारा आकडा दोन ते चार लाख टन. दोन लाख धरू. एक घनफूट काळा दगड सुमारे ८० किलो, म्हणजे साधारण २५ लाख घनफूट. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी एका माणसाचं दिवसाचं काम चार घनफूट धरलं होतं, आणि अडीचशे माणसांना साडेपाच वर्षं पुरतील असं त्यांचं गणित होतं. मी माझा हिशोब वेगळा करतो. दगड कडक लागला, पाऊस आला, माणसं आजारी पडली असं समजून दिवसाला दोनच घनफूट धरतो. साडेबारा लाख माणूस-दिवस झाले. पाचशे माणसं, वर्षाचे तीनशे दिवस. साडेआठ वर्षांच्या आत काम उरकतं. चार लाख टन धर, सतरा वर्षं होतात. यात मूर्तिकाम धरलेलं नाही, पण ते वरून खाली येताना मागोमाग चालूच राहतं. वर सफाई, खाली खोदाई. आणि राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, ज्याच्या नावाशी हे काम जोडतात, त्याच्याकडे पाचशे माणसं नव्हती असं कोण म्हणेल? शिवाय हे सगळं एकाच राजाच्या काळात झालं असंही नाही. आधी आणि नंतरही तिथे भर पडत गेली, असं अनेक अभ्यासक मानतात.

दगड गेला कुठे? पंचवीस लाख घनफूट अखंड दगड फोडला की दीडपट फुगतो. समज अडतीस लाख. वीस एकर जमिनीवर पसरला तर साडेचार फुटांच्या आतबाहेर थर होतो. हजार-बाराशे वर्षांत डोंगराच्या उतारावर, बांधांत, जोत्यांत, रस्त्यांत, विहिरींच्या काठांत एवढी खडी मुरणं काय कठीण आहे? तो ठोकळ्यांच्या रूपात निघाला असता तर ठोकळे दिसायला हवे होते. तो निघाला कपच्यांच्या आणि गोट्यांच्या रूपात, पाट्यांतून. पाटीतून गेलेल्या मालाचा ढीग राहत नाही, हे कोणत्याही विहिरीच्या ठेकेदाराला विचार.

वरून खाली कोरण्याची आठवण तर मराठीत जपलेली आहे. 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात गोष्ट येते : राजा आजारी, राणीचा नवस, शिखर दिसेपर्यंत उपास. बाकीचे स्थपती म्हणाले, महिने लागतील. कोकस म्हणाला, आठवड्यात दाखवतो. आणि त्याने कळसापासून काम सुरू केलं. गोष्ट आहे ती, इतिहास नाही. पण 'आधी शिखर, मग जोतं' ही कोरण्याची रीत सांगणाऱ्याला नीट ठाऊक होती.

शेकडो टनांच्या दगडांकडे येतो. लेण्यांना हा प्रश्नच नाही, तिथे काही उचलायचं नसतं. बांधकामाला आहे. जुन्या नाशकात एका गल्लीत, जिथे क्रेनच काय टेम्पोही शिरत नाही, आम्ही दहा फूट लांब, पावणेदोन फूट रुंद आणि तितकीच जाड तुळई बदलली. अडीच टनांच्या जवळपास वजन. नऊ माणसं, चार पहारी, बाभळीचे ओंडके, आणि शेवटच्या वळणावर फळ्यांवर ओला चिखल. पहिल्या दिवशी मी ओंडके जवळजवळ लावले आणि तुळई तिरकी होऊन जोत्यावर आदळली. एक कोपरा उडाला. चूक माझी होती, तो कोपरा आजही मला तिथून जाताना दिसतो. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या वडार मामांनी ओंडक्यांमधलं अंतर पायाने मोजून दिलं आणि दुपारच्या आत तुळई जागेवर गेली.

इजिप्तमध्ये जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात चित्र आहे, सुमारे १९०० इसवी सनपूर्व. १७२ माणसं दोरांनी घसरगाडीवरचा प्रचंड पुतळा ओढताहेत, आणि एक माणूस पुढे उभा राहून वाळूवर पाणी ओततोय. वर्षानुवर्षं लोक त्याला पूजाविधी समजले. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं की योग्य प्रमाणात ओली वाळू असली तर ओढायला लागणारा जोर निम्म्यावर येतो. वडार मामांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग दुसरं काय ओतणार?

पिरॅमिडबद्दल तर कागदच सापडलाय. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे पपायरसची पानं मिळाली. मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी, गिझाचा मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या काळातली : तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरले, गिझाला उतरवले, परत फिरलो. गिझाला कामगारांची वस्ती, त्यांचे पावाचे भट्टे, त्यांची थडगी उकरून निघाली आहेत. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं हे खरं. तांब्याची करवत आणि वाळू यांनी ग्रॅनाइट कापता येतो, हे डेनिस स्टॉक्स यांनी स्वतः कापून दाखवलंय. कापते ती वाळू, तांबं फक्त तिला रेटतं. आणि आस्वानच्या खाणीत पडलेला तो अपुरा स्तंभ, जवळपास ४२ मीटर लांब, हजार टनांच्या पुढचा. काम चालू असताना तडा गेला आणि तिथेच टाकला. त्याच्या अंगावर डोलेराइट या कडक दगडाच्या गोट्यांनी कुटून पाडलेल्या वाट्या ओळीने दिसतात, आणि ते गोटेही आजूबाजूला मिळालेत. पुन्हा तेच बघ. पुऱ्या झालेल्या स्तंभाने जे सांगितलं नसतं ते फसलेल्याने सांगितलं.

लेबनॉनमधलं बालबेक : देवळाच्या पायात सुमारे ८०० टनांचे तीन दगड, रोमन काळातले. जवळच्या खाणीत त्याहून मोठे पडून आहेत. २०१४ मध्ये उघडा केलेला एक तर १६५० टनांच्या घरातला. हवेत दगड तरंगवणाऱ्यांनी तो खाणीत का सोडला? पेरूत इंका लोकांच्या खाणींपासून वाटेवर टाकून दिलेले दगड आहेत, तिकडचे लोक त्यांना 'थकलेले दगड' म्हणतात. ज्याँ-पिएर प्रोत्झन या वास्तुविशारदाने तिथे बसून साध्या गोट्यांनी दगड घडवून पाहिला आणि खाणीत सापडणाऱ्या खुणांशी ताडून पाहिला. त्या वेड्यावाकड्या सांध्यांचं गूढ आमच्या धंद्यातल्याला फारसं वाटत नाही. खालचा दगड जसा आहे तशी वरच्या दगडाची बूड घडवायची, बसवून बघायचं, लागतं तिथे ठोकायचं, पुन्हा बसवायचं. आम्हीही गेरू लावून ठसा घेतो, रंग उमटेल तिथला उंचवटा काढतो. वेळ लागतो. फार वेळ लागतो. आणि चित्रफीत बघणाऱ्याला पटत नाही ती हीच गोष्ट, की कोणी एका सांध्याला पंधरा दिवस देऊ शकतं.

इथेच नाशकात काळाराम मंदिर बघ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार ओढेकरांनी बांधलं, दगड रामशेजचा, बारा वर्षं दोन हजार माणसं खपली असं सांगतात. त्र्यंबकेश्वराचं काम १७५५ ला सुरू झालं ते १७८६ पर्यंत चाललं, एकतीस वर्षं. त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही, कारण पेशव्यांचं दप्तर आहे. हत्यारं तीच होती : छिन्नी, हातोडा, पहार, दोर, लाकूड, बैल. कागद हरवला म्हणून हात हरवत नाही.

बारा हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृतीबद्दल. अटलांटिसची गोष्ट प्लेटोने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात सांगितली. तिला आजचं रूप इग्नेशियस डॉनेली या अमेरिकी राजकारण्याने १८८२ मध्ये दिलं. त्यातली एक गोष्ट खरी आहे, हिमयुगानंतर समुद्र सुमारे १२० मीटर वर आला आणि पुष्कळ किनारे बुडाले. माणसं तिथे राहत असणार. पण 'प्रगत' म्हटलं की मी हत्याराचं विचारतो. धातू कुठे गाळला? ग्रीनलंडच्या बर्फात रोमन लोकांनी शिसं-चांदी गाळली त्याचा धूर अजून साठलेला आहे, शास्त्रज्ञ तो मोजतात. बारा हजार वर्षांपूर्वीच्या थरांत तसा धूर नाही. धातू नाही, खाण नाही, खापर नाही, शेतातलं धान्य नाही, कचऱ्याचा ढीग नाही. माणूस देऊळ मागे ठेवो न ठेवो, कचरा ठेवतोच. नाशकातच मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी खोदलं तेव्हा थरावर थर निघाले ते अशाच फुटक्यातुटक्या खापरांचे आणि दगडी पात्यांचे.

आणि लपवण्याचं म्हणशील, तर तुर्कस्तानातलं गोबेक्ली टेपे आठव. साडेनऊ हजार वर्षं इसवी सनपूर्व, शेती अजून बसायची होती, आणि शिकार करून जगणाऱ्यांनी साडेपाच मीटर उंचीचे दगडी खांब उभे केले. क्लाउस श्मिट या पुरातत्त्वज्ञांनी १९९५ पासून ते खोदलं आणि जगाला सांगितलं. पाठ्यपुस्तकं बदलली. कोणी दाबून ठेवलं नाही, उलट त्यांचं नाव झालं. तिथेही खाणीत सात मीटरचा एक खांब अर्धवट अडकून आहे. याउलट इंडोनेशियातल्या गुनुंग पाडांगवर २०२३ मध्ये निबंध आला की तिथलं बांधकाम पंचवीस हजार वर्षांहून जुनं आहे. मोजलं होतं ते मातीचं वय, आणि त्या मातीला माणसाचा हात लागल्याचा पुरावा नव्हता. २०२४ मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. डोंगरातली माती जुनीच असते. पांडवलेण्याच्या भिंतीचं वय काढलंस तर साडेसहा कोटी वर्षं निघेल.

काहीजण मला म्हणतात, आपल्या पूर्वजांकडे प्रगत विज्ञान होतं असं मानण्यात काय बिघडलं, अभिमानच आहे. बिघडतं असं, की तो अभिमान चुकीच्या पत्त्यावर जातो. पूर्वज होते ना, त्यांच्या हाताला घट्टे होते आणि छातीत दगडाची धूळ होती. धूळ छातीत बसून माझे वडील एकसष्टाव्या वर्षी गेले. ज्यांचे आजे-पणजे हे काम करत होते त्या वडार आणि पाथरवट घरांतली मुलं आज लेण्यात तिकीट काढून जातात आणि हे यंत्राने झालंय असं ऐकून परत येतात. आणि दुसरं म्हणजे, काम माणसाचं आहे हे विसरलं की त्याची निगा कशी घ्यायची तेही विसरतं. एका जुन्या देवळाच्या चुन्याच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, खरवडून कोणीतरी सिमेंट भरलं. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, ओल दगडात अडते, दोन-तीन पावसाळ्यांत कडा सुटायला लागल्या. ते सिमेंट काढायला मला दीड वर्ष लागलं, एकेक दर्ज छिन्नीने.

लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला आहेत, आत ऊन फारसं येत नाही. म्हणून जाताना बॅटरी घे आणि ती समोरून मारू नकोस. भिंतीला लागून आडवी धर, भिंतीला न टेकवता. सपाट वाटणाऱ्या भिंतीवर छिन्नीच्या तिरप्या रेघा एकदम उठून येतात. कुठे रेघा उजवीकडून डावीकडे, कुठे उलट, आणि काही ठिकाणी एकाच भिंतीवर दोन वेगळ्या हातांच्या रेघा एकमेकींना भिडतात. त्या जागा शोध.

येत्या रविवारी सकाळी सातला आधी माझ्या कारखान्यावर ये. मागच्या अंगणात रामशेजकडचा एक फुटका काळा दगड ठेवलाय. वडिलांच्या दोन छिन्न्या शनिवारी रात्री पाणी देऊन ठेवतो. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडकं बांधून तासभर त्या दगडावर एक वीत सपाट जागा काढून बघ. मग आपण पांडवलेणी चढू.